टेनिसमध्ये सर्व्हला ग्रिप बरोबर धरतो, पण तिसऱ्या गेमपर्यंत हात परत फोरहँडवर जातो, त्याचं काय करायचं

मंडळी, हा प्रॉब्लेम मला जवळजवळ चार वर्षं होता आणि आमच्या सोसायटीच्या कोर्टावर सकाळी साडेसहाला जे आठ-दहा जण येतात त्यातल्या निम्म्यांना अजूनही आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय. कॉन्टिनेंटल ग्रिप, म्हणजे सर्व्हला रॅकेट धरायची पद्धत, काय असते हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, व्हिडिओ बघून बघून पाठ झालं होतं, झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. वॉर्मअपला चार सर्व्ह मस्त पडायचे, पहिले दोन गेम ठीक जायचे, आणि मग कधीतरी ३०-४० असताना सेकंड सर्व्हला हात गुपचूप फोरहँडच्या ग्रिपवर सरकायचा आणि मी तोच जुना टुकटुक सर्व्ह टाकायचो, की समोरचा दोन पावलं पुढे येऊन मारायचा. नेटवर व्हॉली, म्हणजे बॉल टप्पा पडायच्या आधीच मारताना पण तेच. फोरहँड व्हॉली झाली की पुढची बॅकहँड व्हॉली हमखास वर उडायची, समोरच्याला आयतं स्मॅश.

आणि गंमत म्हणजे मला कळायचंच नाही की ग्रिप बदललीये. मी शपथेवर सांगायचो की नाही हो, कॉन्टिनेंटलच धरली होती.

आधी दोन मिनिटं बेसिक, म्हणजे पुढचं कळेल. रॅकेटचं हँडल गोल नसतं, त्याला आठ बाजू असतात, त्याला बेव्हल म्हणतात. डाव्या हाताने रॅकेट गळ्याशी धरा, जाळी भिंतीसारखी उभी ठेवा, हँडलचं टोक पोटाकडे. वरची जी सपाट बाजू दिसते ती १ नंबर, तिच्या उजवीकडची तिरकी २ नंबर, मग उजवी सपाट ३, खालची तिरकी ४, अगदी तळाची ५, असं घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं. आता हाताच्या दोनच जागा महत्त्वाच्या: एक, तर्जनी तळहाताला जिथे जोडली जाते तिथला आतला उंचवटा, आणि दुसरी, तळहाताचा करंगळीच्या खालचा मनगटाजवळचा फुगीर भाग. उजव्या हाताने खेळणाऱ्याने या दोन्ही जागा २ नंबरवर टेकवल्या की झाली कॉन्टिनेंटल. दोन्ही ३ वर आल्या की ईस्टर्न फोरहँड, ४ वर सेमी-वेस्टर्न. डावखुऱ्यांचं आरशात बघितल्यासारखं उलटं, नंबर याच क्रमाने मोजले तर त्यांची कॉन्टिनेंटल ८ नंबरवर येते. अंगठा आणि तर्जनीच्या मधला व्ही कुठे येतो ते बघा असं बरेच जण सांगतात, माझं मत विचाराल तर त्या व्हीच्या नादी लागू नका, बोटं थोडी पसरली किंवा आवळली तरी तो व्ही हलतो आणि आपण स्वतःला फसवतो.

ही नावं कुठून आली तेही सांगतो, कारण त्यात उत्तराचा एक तुकडा आहे. ईस्टर्न हे अमेरिकेच्या पूर्व भागातलं, वेस्टर्न कॅलिफोर्नियातलं, जिथे सिमेंटच्या कोर्टावर बॉल उंच उसळायचा म्हणून हात हँडलच्या खाली गेला, आणि कॉन्टिनेंटल युरोपातलं, जिथे बॉल खालीच राहायचा. म्हणजे एकेक ग्रिप बॉलच्या उंचीला दिलेलं उत्तर आहे. आपण सगळे आता हार्डकोर्टवर खेळतो, बॉल छातीपर्यंत येतो, फोरहँड ३ किंवा ४ नंबरने मारतो, आणि दिवसभरात शंभर फोरहँड मारल्यावर हाताला तेच घर वाटायला लागतं. सर्व्ह आणि व्हॉलीसाठी आपण त्याला पाहुणा म्हणून २ नंबरवर पाठवतो. पाहुणा किती वेळ बसणार?

आमच्यात एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले, डावखुरे, लाकडी रॅकेटवर शिकलेले. ते सगळंच कॉन्टिनेंटलने मारतात, फोरहँडसुद्धा, जुना चॅम्पियन मॅकेन्रो मारायचा तसं. त्यांना हा प्रॉब्लेमच नाही कारण बदलायचंच काही नसतं. मी त्यांना विचारलं काका तुम्ही ग्रिप कशी बदलता, तर म्हणाले, "अरे बदलायची कशाला? एडबर्गला दूरदर्शनवर बघितलं ना १९८८ ला, बेकरला कसं नेटवर येऊन हरवलं, तेव्हापासून मी व्हॉली तशीच मारतो." म्हटलं ठीक आहे काका, पण मला फोरहँड टॉपस्पिनचा, म्हणजे बॉल पुढच्या बाजूला फिरवत मारायचा, सोडायचा नाहीये.

तर मुद्द्याचं. हात नेमका कधी सरकतो हे शोधल्याशिवाय काही होणार नाही, आणि ते विचारून कळत नाही कारण आपल्याला स्वतःला पत्ताच नसतो. मी दोन गोष्टी केल्या. पहिली, मोबाइल मागच्या जाळीला अडकवून स्लो मोशनमध्ये सर्व्ह शूट केले. दुसरी मला माझ्या मुलीच्या दप्तरामुळे सुचली. हँडलवर गुंडाळायची पातळ पट्टी, म्हणजे ओव्हरग्रिप, नवीन पांढरी लावली आणि तर्जनीच्या मुळाच्या त्या उंचवट्यावर निळ्या जेल पेनने चांगला दाट ठिपका काढला. एक सेट खेळलो. मग बाकावर बसून हँडल फिरवून बघितलं. २ नंबरवर एक फिकट निळा डाग, ठीक, वॉर्मअपचा असणार. आणि ३ नंबरवर, थोडंसं ४ कडे झुकलेला, अंगठ्याएवढा जाड निळा फराटा. फोरहँडचा तर असणारच तिथे, पण पुढच्या दिवशी मी नुसते सर्व्ह टाकले, एकही फोरहँड मारला नाही, तरी साठ सर्व्हनंतर ३ वर शाई होतीच. म्हणजे कोर्टात खोटं बोलत होतो मी. घामाने शाई पसरते, त्यामुळे हे पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करा, आणि प्रत्येक तुकड्याला ठिपका नवीन काढा. ओव्हरग्रिप वाया जाते एक, पण ते चालतं.

व्हिडिओत दिसलं ते असं, की पहिले आठ-दहा सर्व्ह २ वर, मग दोन सर्व्ह सलग डावीकडे बाहेर गेले, आणि बरोबर त्यानंतरच्या सर्व्हपासून हात ३ कडे. पुन्हा पुन्हा तेच. डावीकडे दोन बाहेर, की हात सरकला. इथेच माझी गाठ सुटली.

का जातो बॉल डावीकडे ते समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथेच मागे फिरतात. कॉन्टिनेंटल धरून तुम्ही जुन्याच सवयीने तळहात सरळ समोरच्याकडे करून मारलात तर जाळी समोर बघत नाही, डावीकडे तिरकी बघते. बॉल कापला जातो आणि डावीकडे जातो, बरेचदा नेटमध्येही. आपल्याला वाटतं ग्रिप चुकली. ग्रिप बरोबर असते, हात वळायचा राहिलेला असतो. वर जाताना रॅकेटची कड बॉलकडे जायला पाहिजे, चाकू वर फेकल्यासारखी, आणि अगदी शेवटच्या क्षणाला कोपरापासून खालचा हात बाहेरच्या बाजूला वळून जाळी सपाट व्हायला पाहिजे, याला प्रोनेशन म्हणतात. बॉल लागतो तेव्हा तळहात समोर नाही, किंचित उजवीकडे बघत असतो, आणि फटका संपताना तर चांगलाच बाहेर वळलेला. गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना सोपं करून सांगतो: बाउंड्रीवरून कीपरकडे जोरात थ्रो केला की हात सुटल्यावर अंगठा खाली आणि तळहात बाहेर जातो ना, तेच. ते कुणी शिकवलं नव्हतं, हात आपोआप करतो.

आणि फोरहँड ग्रिपने सर्व्ह केला की हे वळणं होतच नाही. जाळी आधीपासूनच वर आभाळाकडे उघडी, डोक्याच्या मागे रॅकेट अशी आडवी, जसा उडप्याच्या हॉटेलात वेटर ताट खांद्यावर घेऊन येतो. कोचलोक त्याला वेटरचा ट्रेच म्हणतात. मग कालथ्याने डोसा दाबल्यासारखा बॉल दाबायचा. फर्स्ट सर्व्ह जोरात टाकता येतो असा, नाही म्हणत नाही, आमच्यातला एक जण असाच टाकतो आणि दहातले तीन पडतात ते दणदणीत असतात. पण सेकंड सर्व्हला बॉलवर स्पिनच नसतो, म्हणून तो कोर्टात ठेवायचा एकच उपाय उरतो, हळू टाकणं. नेट मध्यभागी ३ फूट, खांबाशी साडेतीन, पलीकडचा सर्व्हिस बॉक्स फक्त २१ फूट खोल. जोरात मारून खाली आणायचा तर स्पिन पाहिजे, आणि स्पिनसाठी कड वर जायला पाहिजे, आणि कड वर जायची तर २ नंबर. दुसरा रस्ता नाही.

यावर मी काय केलं. पहिले दोन आठवडे कोर्टात बॉल पडतोय की नाही हे बघणंच सोडलं. सर्व्हिस लाइनवर उभा राहिलो, बेसलाइनवर नाही, आणि अर्ध्या जोराने मुद्दाम उजवीकडे, पलीकडच्या डबल्सच्या ट्रॅमलाइनकडे, म्हणजे कोर्टाच्या कडेच्या पट्ट्याकडे, मारायचा प्रयत्न केला. डावीकडे जाणारा बॉल सुधारायचा तर ग्रिप नाही हलवायची, निशाणा उजवीकडे न्यायचा आणि हात जास्त वळवायचा. तीन-चार दिवसांत बॉल मध्यभागी यायला लागला. मग एक गुडघा टेकून सर्व्ह केले, त्यात बॉल वर मारल्याशिवाय नेट ओलांडतच नाही, त्यामुळे ट्रे आपोआप बंद होतो. गुडघ्याखाली जुना टॉवेल घ्या, हार्डकोर्ट आहे, मी पहिल्या दिवशी नाही घेतला आणि दोन दिवस जिने उतरताना आठवण येत होती.

घरी करायचा एक प्रकार आहे, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पण होतो. रॅकेटच्या कडेवर, म्हणजे फ्रेमच्या जाड भागावर, बॉलचे टप्पे पाडायचे, खाली जमिनीकडे. हातोडीने खिळा ठोकल्यासारखं. फोरहँड ग्रिपने ते करताच येत नाही नीट, मनगट अवघडतं, कॉन्टिनेंटलने सहज होतं. रोज पन्नास टप्पे, चहा उकळेपर्यंत. माझा रेकॉर्ड १७ सलग, त्यापुढे बॉल कुणाच्या तरी ॲक्टिव्हाखाली जातो.

एक मात्र जपा, हातोडी म्हटलं की लोक मूठ आवळतात. चारही बोटं एकमेकांना चिकटवून, हँडलला काटकोनात, लाटणं धरल्यासारखी. मग मनगट कुलूप लागल्यासारखं होतं आणि हात वळणार कुठून? बोटं तिरकी पाहिजेत, तर्जनी थोडी पुढे सरकलेली, मधल्या बोटापासून जरा सुटी, बंदुकीच्या चापावर असते तशी. आणि जोर किती? सर्व्हला अगदी कमी, कुणी मागून रॅकेट ओढली तर सुटेल इतका. व्हॉलीला बॉल लागताना फक्त खालच्या तीन बोटांनी घट्ट, की परत सैल. सतत आवळून धरणाऱ्यांचं कोपर दुखायला लागतं आणि ग्रिपला दोष जातो. कोपर खरंच दुखत असेल तर मात्र हे असलं वाचत बसू नका, डॉक्टरला दाखवा आधी.

आता व्हॉली. इथे हात सरकण्याचं कारण वेगळं आहे. सर्व्हला भीतीने सरकतो, व्हॉलीला वेळ नसतो म्हणून. समोरचा बेसलाइनवर असेल आणि आपल्या लेव्हलचा साधारण ताशी ७० किलोमीटरचा बॉल मारत असेल तर नेटजवळ पाऊण सेकंद मिळतो, चौघं नेटवर आले की त्याच्या निम्मासुद्धा नाही. तेवढ्यात फोरहँडची ग्रिप सोडून बॅकहँडची धरायची हे होणारच नाही, म्हणून दोन्हीकडे चालेल अशी एकच ग्रिप, २ नंबर. सगळ्यांना पाठ असतं हे. पण आपण नेटवर पोचतो कसे? बहुतेक वेळा एक फोरहँड मारून त्याच्या मागे धावत. म्हणजे हात ३ किंवा ४ वर असतानाच नेटवर हजर. तिथे पहिली व्हॉली फोरहँडला आली तर निभावून जातं, पाया पडण्याच्या उंचीवर आली तर सेमी-वेस्टर्नने जाळी खाली वळते आणि बॉल नेटमध्ये. बॅकहँडला आली तर उलट, जाळी आभाळाकडे उघडते, बॉल तरंगतो, आणि ते वाचवायला आपण कोपर पुढे काढतो, कोंबडीच्या पंखासारखं. म्हणजे बॉल कुठे गेला त्यावरून ग्रिप ओळखता येते: फोरहँड व्हॉली नेटमध्ये आणि बॅकहँड व्हॉली वर, असं दोन्ही एकाच दिवशी होत असेल तर तुमचा हात हँडलच्या मागे किंवा खाली राहिलाय, फूटवर्कला शिव्या देऊ नका.

यावर उपाय डाव्या हाताचा आहे आणि तो मला कुणी सांगितला नव्हता, बघून कळला. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ मध्ये एटीपी, म्हणजे व्यावसायिक पुरुष खेळाडूंची स्पर्धा व्हायची (२०२१ ला नाही झाली), तेव्हा मी मुख्य कोर्टापेक्षा प्रॅक्टिस कोर्टाच्या जाळीला नाक लावून जास्त उभा असायचो, कारण तिथे पाच-सहा फुटांवरून हात दिसतात. डबल्सवाले प्रत्येक फटक्यानंतर डावा हात परत रॅकेटच्या गळ्याशी नेतात, अगदी प्रत्येक, आणि रॅकेट फिरवतो तो डावा हात, उजवा नुसता सैल होतो आणि परत धरतो. मी आयुष्यभर उजव्या हातानेच चाचपडत ग्रिप शोधत होतो, डावा हात आपला हवेत, बस पकडायला धावल्यासारखा. आता फोरहँड मारून पुढे पळताना पहिल्या दोन पावलांत डावा हात गळ्याशी जातो आणि थांबायची जी छोटी उडी असते, स्प्लिट स्टेप, ती पडेपर्यंत रॅकेट फिरलेली असते. सुरुवातीला तोंडाने म्हणायचो, "गळा, उडी, गळा, उडी". पार्टनरला वाटलं मला काहीतरी झालंय.

आणि ज्यांचा बॅकहँड दोन हातांचा आहे त्यांना तर फुकटात लॉटरी आहे. दोन हातांच्या बॅकहँडला खालचा उजवा हात बहुतेकांचा कॉन्टिनेंटलवरच असतो, वरच्या डाव्या हाताने फोरहँड मारल्यासारखं असतं ते. म्हणजे तुमच्या हाताला ती जागा आधीच माहितीये, रोज तीस-चाळीस वेळा तिथे जातो तो. सर्व्हच्या आधी लाइनवर उभं राहून एकदा बॅकहँडची पोझ घ्या, डावा हात काढून घ्या, बस, तीच सर्व्हची ग्रिप. मला हे कळलं तेव्हा अक्षरशः कपाळावर हात मारला, चार वर्षं नंबर मोजत होतो आणि ती गोष्ट रोज करत होतो. आता माझा सर्व्हच्या आधीचा ठरलेला कार्यक्रम तोच आहे, बॅकहँड पोझ, डावा हात सोडला, बॉल दोनदा टप्पा, टॉस. बॉलचे टप्पे पाडताना ग्रिप बदलायची नाही, टप्पे पाडताना गप्पा मारत नाही मी आता.

बॅडमिंटनवाल्यांसाठी एक वेगळी ओळ लिहितो कारण आपल्याकडे अर्धे लोक तिकडूनच येतात. नीट कोचिंग घेऊन बॅडमिंटन खेळलेल्याला ही ग्रिप आणि हात वळवणं दोन्ही पटकन येतं, स्मॅशमध्ये ते सगळं असतंच. आम्ही खेळलो ते दोन गाड्यांच्या मध्ये दोरी बांधून, रॅकेट तव्यासारखी धरून, आणि ती सवय घेऊन टेनिसला आलो, त्यांना वेळ लागतो. मी दुसऱ्या जातीतला. वर एका उन्हाळी शिबिरात, नाव नको, एकाच वेळी चाळीस पोरं आणि आम्ही तीन बाप्ये, सरांनी सगळ्यांना सांगितलं की हस्तांदोलन करा रॅकेटशी आणि त्याच ग्रिपने सर्व्ह टाका. पहिल्या आठवड्यासाठी ठीक आहे, बॉल तरी पलीकडे जातो. पण दुसऱ्या महिन्यात कुणी बदललं नाही आणि ते हस्तांदोलन चार वर्षं चाललं.

हात सरकण्याचं तिसरं कारण निव्वळ सामानाचं, आणि लोक ते सगळ्यात शेवटी बघतात. ओव्हरग्रिप घामाने गुळगुळीत झाली की रॅकेट हातात फिरते आणि हात नकळत मागे जाऊन धरतो, कारण मागून धरलं की सुटत नाही असं वाटतं. मुंबई-ठाण्याकडच्यांना मे महिन्यात हे रोजचंच. माझी ओव्हरग्रिप आता साधारण दहा तास खेळलं की बदलतो, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच्याही आधी, एका बाहेरच्या नाश्त्याएवढे पैसे जातात. गुंडाळताना फार ओढून किंवा फार एकावर एक घेऊ नका, कडा बुजतात आणि हँडल गोल वाटायला लागतं, मग बेव्हल बोटांना कळणार कसे? मी एक काळ दोन ओव्हरग्रिप एकावर एक लावायचो, जाड बरं वाटायचं म्हणून, आणि वरून विचारायचो की मला २ नंबर सापडत का नाही.

हँडलच्या साइजचं पण बघा. एल २ म्हणजे घेर सव्वाचार इंच, एल ३ म्हणजे चार पूर्णांक तीन अष्टमांश, प्रत्येक साइज साधारण ३ मिलिमीटरने वाढते आणि एक ओव्हरग्रिप लावली की अर्धी साइज वाढल्यासारखं होतं. रॅकेट फोरहँडच्या ग्रिपने धरून अनामिकेचं टोक आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसायला पाहिजे, जेमतेम. बसतच नसेल तर हँडल बारीक, दोन बोटं जात असतील तर जाड. जाड हँडलवर सर्व्हला मनगट सैल सुटत नाही, बारीकवर आवळावं लागतं. मला दुकानात आधी एल ४ गळ्यात मारलेली, पुरुष आहात ना, मोठीच घ्या म्हणून. एल २ वर एक ओव्हरग्रिप आली आणि पहिल्यांदा कडा हाताला जाणवल्या.

मॅचमध्ये कसं आणायचं हा शेवटचा अवघड भाग. सगळी मॅच नवीन ग्रिपने खेळायची असं ठरवलं की दोन डबल फॉल्टनंतर निश्चय मोडतो, माझा तीनदा मोडला. मग मी पार्टनरला आधीच सांगून ठेवलं की प्रत्येक सेटमध्ये माझा पहिला सर्व्हिस गेम काहीही झालं तरी कॉन्टिनेंटलने, गेला तर गेला, चहा माझ्याकडून. महिनाभर चहाचं बिल बरंच झालं. मग दोन गेम, मग सगळे. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी सेकंड सर्व्ह आधीपेक्षा जोरात मारून आत पडायला लागला, आणि तेव्हा कळलं की हळू मारला की स्पिन कमी होतो आणि उलट बाहेर जातो, म्हणजे भीती वाटली की हात जोरात फिरवायचा. हे मान्य करायला डोक्याला वेळ लागतो. किकसाठी, म्हणजे टप्प्यानंतर उंच उसळणाऱ्या सर्व्हसाठी, काही जण आणखी थोडं १ कडे सरकतात, ते नंतर, आधी २ वर बूड टेकू दे.

नवशिक्यांना व्हॉली पहिले काही दिवस ईस्टर्नने शिकवली तरी माझी हरकत नाही, आणि खांद्याच्या वरचा तरंगता बॉल पूर्ण हात फिरवून मारायचा असेल तर फोरहँडचीच ग्रिप बरी, तिथे वेळ असतो.

परवाच्या रविवारी पुन्हा शाईची टेस्ट केली, पूर्ण सर्व्हिस गेम आणि नेटवरचा खेळ, फोरहँड फार कमी. २ नंबरवर चांगला निळा पट्टा, ३ वर एक छोटासा डाग. तो डाग कशाचा ते व्हिडिओत सापडलं: डोक्यावरून लॉब गेला की मी मागे पळतो, पाठ वळवून, डावा हात गळ्यावरून सुटतो, आणि स्मॅशला वळेपर्यंत हात ३ वर. काकांना दाखवलं तर म्हणाले पळतोस कशाला, तो बॉल माझा होता.